सहलीचा खर्च आणि मुलांचा वाटा

पत्र : माझे वय ६७ आहे आणि ह्यांचे ७०. दोघेही नोकरीतून निवृत्त झालो आहोत. राहते घर स्वतःचे आहे, डोक्यावर कर्ज नाही आणि दोघांच्या निवृत्तिवेतनात रोजचा खर्च भागतो. घर सोडून जी शिल्लक आहे ती आम्ही पस्तीस वर्षे काटकसर करून साठवली. तरुणपणी कुठे जाणे झाले नाही. आता पुढच्या पाच वर्षांत चार मोठे प्रवास करावेत असे मनात आहे आणि त्यांचा एकूण खर्च शिलकीच्या साधारण पंधरा टक्के होईल. मुलाचे उत्तम चालले आहे, त्याला दोन मुले आहेत. मुलगी एकटीने आपल्या मुलाला वाढवते आणि तिची ओढाताण आम्हाला दिसते. प्रवासाचा विषय निघाला तेव्हा मुलगा एवढेच म्हणाला, ‘आई, हेच पैसे वीस वर्षे ठेवले तर चौपट होतील, नातवंडांच्या उपयोगी पडतील.’ तो रागावून बोलला नाही, म्हणूनच ते मनाला लागून राहिले आहे. तेव्हापासून तो घरी यायचा असला की सहलींची माहितीपत्रके मी कपाटात ठेवते. ह्यांचे म्हणणे असे की शिलकीला हात न लावता घरावर कर्ज काढून जाऊ या. आम्ही स्वार्थी ठरतो का? आणि जायचेच असेल तर पैसे कसे उभे करावेत?

सप्रेम नमस्कार.

माहितीपत्रके कपाटात ठेवण्याची गोष्ट वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले. स्वतः कमावलेल्या आणि पस्तीस वर्षे सांभाळलेल्या पैशांचा विचार करताना आईला आपल्याच मुलापासून कागद लपवावेसे वाटतात, तेव्हा हिशेब आणि अपराधीपणा यांची गाठ बसलेली असते, आणि ती सुटल्याशिवाय कोणताही आकडा मनाला पटत नाही. म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगते. तुम्ही दोघांनी जावे आणि लवकर जावे, पण घरावर कर्ज काढून जाऊ नये. आणि जाण्यापूर्वी तुमच्या शिलकीवर कोणाचा हक्क कितवा आहे हे कागदावर मांडून घ्यावे. माझ्या मते पहिला हक्क तुमच्या म्हातारपणाचा, म्हणजे दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंतच्या खर्चाचा. दुसरा प्रवासाचा, कारण त्याला शरीराने घातलेली मुदत आहे. तिसरा मुलांच्या आजच्या अडचणीचा. या तिन्हींतून जे उरेल तो वारसा. तुमच्या मुलाने नकळत वारशाला पहिल्या जागी बसवले आणि तुम्हीही ते तसेच मान्य केलेत, त्यामुळे प्रवास हा मुलांच्या ताटातून उचललेला घास वाटू लागला.

स्वार्थाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे, तेव्हा त्याचे उत्तर टाळत नाही. माणूस कमावत्या वयात का साठवतो याचा विचार फ्रँको मोदिल्यानी आणि रिचर्ड ब्रुमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडला, आणि बचतीवरील अशाच कामासाठी मोदिल्यानी यांना १९८५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मांडणीचा गाभा साधा आहे : मिळकत आयुष्याच्या मधल्या टप्प्यात जास्त असते, गरजा मात्र आयुष्यभर असतात, म्हणून मधल्या काळात बाजूला ठेवलेले पुढे वापरायचे असते. साठवलेले वापरणे हा साठवण्याचाच उत्तरार्ध आहे. मुलांना मागे काही ठेवावेसे वाटणे ही अत्यंत चांगली भावना आहे, मलाही ती आहे. पण ती तुमची इच्छा आहे, मुलांचे येणे नव्हे. त्यांना शिकवले, पायावर उभे केले, आणि तुमच्या डोक्यावर कर्ज नाही याचा अर्थ म्हातारपणी तुमचा भार त्यांच्यावर पडण्याची शक्यता तुम्ही कमी करून ठेवली आहे. यातले काहीही मृत्युपत्रात लिहिले जात नाही, पण मुलांना मिळालेल्या गोष्टींत त्याची गणना व्हायला हवी.

आता मुलाचा ‘चौपट’. त्याचे गणित चुकीचे नाही आणि ते हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यामागे त्याच्या मुलांची काळजी आहे. सात टक्के दराने वीस वर्षांत एका रुपयाचे ३.८७ रुपये होतात, म्हणजे जवळजवळ चौपट. मात्र त्याच वीस वर्षांत वस्तूंच्या किमती दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढल्या, तर आज एका रुपयाला मिळणारी वस्तू तेव्हा २.६५ रुपयांना मिळेल. ३.८७ ला २.६५ ने भागले की १.४६ उरतात. चौपट झालेली रक्कम खरेदीच्या ताकदीने मोजली तर दीडपटही भरत नाही, आणि मिळालेल्या व्याजावर कर द्यावा लागला तर त्याहूनही कमी. तुमची शिल्लक शंभर भाग धरली तर प्रवासाचे पंधरा भाग वीस वर्षांनी आजच्या मोलाचे सुमारे बावीस भाग होतील आणि तीन नातवंडांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सात भागांहून थोडे अधिक येतील. तुमच्याकडचे व्याजाचे आणि महागाईचे दर वेगळे असतील, तर ते घालून हे गणित मुलाबरोबर बसून पुन्हा करा. आकडे बदलतील, पण चौपटीची चमक बरीच उतरलेली दिसेल. आणि एक आकडा कोणत्याही दराने बदलणार नाही : तेव्हा तुम्ही ८७ वर्षांच्या असाल आणि तुमचे यजमान ९० वर्षांचे.

वारसा किती मिळतो याबरोबरच तो कधी मिळतो, हेही पाहायला हवे, आणि याबाबत मी अनुभवाने बोलते. माझ्या वडिलांच्या पश्चात माझा वाटा माझ्या हाती आला तेव्हा मी ५७ वर्षांची होते. घराचे हप्ते फिटले होते, मुले कमावती झाली होती, आणि ती रक्कम मी जशी आली तशी ठेवीत ठेवली. त्याच रकमेच्या पाव हिश्शाने ३४ व्या वर्षी माझी झोप परत आली असती. त्या वर्षी महिन्याच्या वीस तारखेनंतर मी पाकीट उघडून नोटा मोजत असे आणि वडिलांना कळू देत नसे. तेही मला कळू न देता माझ्यासाठीच साठवत होते. त्यांनी शेवटपर्यंत एकही मोठा प्रवास केला नाही. एकाच घरातली दोन माणसे एकमेकांसाठी झिजत होती आणि दोघांनाही त्याचा उपयोग वेळेवर झाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. माणसे ऐंशी-नव्वदीपर्यंत जगू लागली की त्यांची मुलेही वारसा मिळेपर्यंत साठीच्या घरात पोचलेली असतात. तुमच्या मुलीला आज जी ओढाताण आहे ती वीस वर्षांनी येणाऱ्या पैशांनी मागे जाऊन मिटणार नाही.

पण मुलीकडे वळण्याआधी पहिल्या हक्काचे पुरते पाहून घेऊ, कारण वारशाला खरा धोका पाच वर्षांतल्या चार प्रवासांपासून नाही. तो लांबलेल्या आजारपणापासून, महागाईमुळे तोकड्या पडत जाणाऱ्या निवृत्तिवेतनापासून आणि विस्कळीत कागदपत्रांपासून आहे. पहिला प्रश्न स्वतःला असा विचारा : आमचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते का? तुमचे पत्र म्हणते की आज खर्च भागतो. ७२ या संख्येला महागाईच्या दराने भागले की किमती साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळते. महागाई सहा टक्के असेल तर बारा वर्षे. निवृत्तिवेतन जागच्या जागी राहिले, तर आज शंभराला शंभर पुरतात, तिथे तुमच्या ७९ व्या वर्षी खर्च दोनशे आणि हाती शंभरच, अशी स्थिती होईल आणि उरलेले शंभर दर वर्षी शिलकीतून काढावे लागतील. निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले असेल तर ही चिंता पुष्कळ हलकी होते. दोन्ही शक्यतांत इतका फरक आहे की याचे उत्तर मिळेपर्यंत प्रवासाचा एकही हप्ता भरू नये, असे मी म्हणेन.

दुसरा प्रश्न, दोघांपैकी एक गेल्यावर काय होईल? काही निवृत्तिवेतने जोडीदाराच्या मृत्यूनंतर थांबतात, काही कमी होऊन चालू राहतात, आणि नेमके काय होणार हे अनेक घरांत माणूस गेल्यानंतरच कळते. खर्च मात्र निम्मा होत नाही. घराची देखभाल, कर आणि वीज एका माणसालाही जवळजवळ तेवढीच लागते. त्यामुळे हिशेब सरासरी आयुर्मानावर बेतू नका. दोघांपैकी निदान एकजण सरासरीहून बरेच अधिक जगण्याची शक्यता चांगलीच असते, म्हणून तुम्ही ९५ वर्षांच्या होईपर्यंतचा विचार करा. अमेरिकेतील निवृत्तांच्या खर्चाचा अभ्यास डेव्हिड ब्लँचेट यांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यात महागाई वजा केल्यावर खर्च निवृत्तीनंतर हळूहळू घटत जातो आणि अगदी उतारवयात वैद्यकीय खर्चामुळे पुन्हा चढू लागतो, असे दिसले. हे मला माझ्या आसपासच्या घरांतही दिसते : पासष्ट ते पंचाहत्तर ही फिरण्याची वर्षे, मग घर हेच जग होण्याची, आणि त्यानंतर दिवसरात्र कोणीतरी जवळ लागण्याची. त्या शेवटच्या टप्प्यासाठी, तुमच्या भागात पूर्णवेळ शुश्रूषेला आज जो खर्च येतो तो विचारून, किमान तीन वर्षांची रक्कम स्वतंत्र बाजूला ठेवा आणि तिला प्रवासासाठी, मुलीसाठी, कोणासाठीही हात लावू नका. मुलांना देण्याजोगी याहून मोठी भेट मला माहीत नाही, कारण ती नसेल तर त्यांना नोकरी, घर आणि तुमचे आजारपण यांची एकाच वेळी कसरत करावी लागते.

तुमची शिल्लक शंभर भाग, प्रवासाला पंधरा, मग पंच्याऐंशी उरतात. ते पुरतील का, हे पाहण्यासाठी एक ढोबळ माप वापरले जाते. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ साली, १९२६ पासूनच्या अमेरिकी बाजाराचे आकडे तपासून, असे दाखवले की समभाग (शेअर) आणि रोखे (बाँड) यांत विभागलेल्या शिलकीतून पहिल्या वर्षी चार टक्के काढले आणि पुढे दर वर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत नेली, तर शिल्लक निदान तीस वर्षे टिकत आली होती. हे एका देशाच्या इतिहासावरचे माप आहे, ते कुठेही डोळे झाकून लावता येत नाही, आणि सगळी रक्कम ठेवींत असेल तर ते लागूच होत नाही. तरी त्याचा एक उपयोग आहे. निवृत्तिवेतन वजा करून तुम्हाला दर वर्षी लागणारी रक्कम पंच्याऐंशी भागांच्या तीन टक्क्यांच्या आत बसत असेल तर प्रवासाबद्दल मन शांत ठेवा. ती पाच टक्क्यांच्या वर जात असेल तर चारऐवजी दोनच प्रवास करा. मधे कुठे असेल तर तीन.

घरावरच्या कर्जाबद्दल तुमच्या यजमानांचे म्हणणे मला समजते. शिलकीचा आकडा जसाच्या तसा दिसत राहावा, यात एक प्रकारचा दिलासा असतो. पण तो दिलासा खोटा आहे. ठेवीवर मिळणारे व्याज हे कर्जावर द्याव्या लागणाऱ्या व्याजापेक्षा बहुधा कमीच असते, त्यामुळे पैसे असताना कर्ज काढणे म्हणजे त्या फरकाचा दंड दर महिन्याला भरत राहणे. हप्ते न भरता घर तारण ठेवून रक्कम घेण्याची आणि ती मृत्यूनंतर घराच्या किमतीतून वळती करण्याची सोयही काही ठिकाणी असते. त्यात व्याजावर व्याज चढत जाते आणि सात टक्के दराने देणे सुमारे दहा वर्षांत दुप्पट होते. ज्यांच्याजवळ घराशिवाय काही नाही आणि औषधपाण्याची अडचण आहे त्यांच्यासाठी ती सोय ठीक आहे, सहलीसाठी नाही. शिवाय आठवण पुसट झाली तरी देणे चढतच राहते, आणि घर विकून लहान घरात जाण्याची तुमची मोकळीकही त्यात अडकते.

मग पैसे उभे कसे करावेत? शिलकीतूनच, पण वेगळे काढून. येत्या तीन वर्षांतल्या प्रवासांची सगळी रक्कम आजच सुरक्षित ठेवींत वळवा आणि प्रत्येक ठेवीची मुदत त्या त्या प्रवासाच्या तीन महिने आधी संपेल अशी बेता. समभागांत असलेल्या पैशांवर प्रवासाची भिस्त का ठेवू नये, हे एका लहान उदाहरणाने सांगते. दोन घरांकडे शंभर-शंभर भाग आहेत आणि दोन्ही घरे वर्षाअखेरीस दहा भाग काढतात. पहिल्या घराला आधी वीस टक्क्यांची घट आणि मग पंचवीस टक्क्यांची वाढ मिळाली. त्यांचे शंभराचे ऐंशी झाले, दहा काढल्यावर सत्तर, मग साडेसत्त्याऐंशी, आणि पुन्हा दहा काढल्यावर साडेसत्त्याहत्तर उरले. दुसऱ्या घराला तेच उलट क्रमाने मिळाले : शंभराचे एकशे पंचवीस, मग एकशे पंधरा, मग ब्याण्णव, आणि शेवटी ब्याऐंशी. काहीच काढले नसते तर दोन्ही घरांकडे बरोबर शंभर असते. निवृत्तीच्या सुरुवातीच्या वर्षांत पडत्या बाजारातून पैसे काढावे लागले तर झालेले नुकसान पुढची तेजीही भरून काढत नाही. तुम्ही नेमक्या याच वर्षांत मोठ्या रकमा काढणार आहात, म्हणून हा काळजीचा मुद्दा मी थोडा ताणून सांगितला.

प्रवास परकीय चलनातला असेल तर अंदाजपत्रकावर दहा ते पंधरा टक्के जास्त धरा, आणि चलन एकदम न घेता चार-सहा महिन्यांत थोडे थोडे घ्या. तुम्हा दोघांना रजेचे बंधन नाही, तेव्हा गर्दीचे हंगाम टाळा. एकाच प्रवासाच्या खर्चात त्यामुळे मोठा फरक पडतो.

प्रवासांचा क्रम मात्र पैशांवर ठरवू नका, गुडघ्यांवर आणि श्वासावर ठरवा. बहुतेकजण ‘मोठे’ स्थळ शेवटी ठेवतात, जणू ते जेवणानंतरचे गोड आहे. पेरू देशातले माचू पिचू समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवर आहे आणि तिथे जाताना ज्या कुस्को शहरात बहुतेकांचा मुक्काम होतो ते त्याहूनही उंच, सुमारे ३,४०० मीटरवर आहे. जॉर्डनमधल्या पेट्रामध्ये खजिना म्हणून ओळखले जाणारे शिल्प दरीच्या सपाट वाटेने चालून दिसते, पण तिथल्या मठापर्यंत ८०० हून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. अशी स्थळे यजमानांच्या सत्तराव्या आणि एकाहत्तराव्या वर्षी करावीत. जहाजाचे, आगगाडीचे, किंवा एकाच गावात महिनाभर राहून सावकाश फिरण्याचे बेत पंचाहत्तरीतही होतात, आणि दूरचे ते राहून गेले तरी त्यांच्यासारखे काही जवळ सापडते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना केवळ ‘प्रवास करू का’ असे न विचारता नेमके स्थळ, उंची आणि रोजचे चालणे सांगून विचारा, म्हणजे उत्तरही नेमके मिळेल.

आता मुलगी. तिची मदत प्रवासानंतर उरेल त्यातून करू, असे ठेवू नका. जे द्यायचे ते प्रवासाबरोबरच, याच वर्षी ठरवा. पहिल्या हक्काची रक्कम बाजूला काढल्यावर परत मागण्याची वेळ कधीही येणार नाही एवढीच रक्कम द्या, आणि देताना ती देणगी आहे की उसनवारी आहे हे स्पष्ट ठेवा, कारण आईवडिलांनी मनात उसने समजलेले आणि मुलीने मनात भेट समजलेले पैसे मी नाती कुरतडताना पाहिले आहेत. तिच्या कर्जाला जामीन राहू नका. दिलेली रक्कम आधीच ठरलेली असते, जामिनाच्या सहीतून किती भरावे लागेल ते आधी कळत नाही. नातवाच्या शाळेचा खर्च किंवा घरभाडे यांपैकी एखादा ठरावीक खर्च तुम्ही उचललात, तर तिला दर वेळी हात पसरल्यासारखे वाटणार नाही.

यात मुलावर अन्याय होतो का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. गरजेप्रमाणे देणे आणि सारखे देणे ही दोन्ही न्यायाचीच रूपे आहेत आणि घराघरात त्यांची कुरबुर होते. माझा कल असा की हयातीत गरजेप्रमाणे द्यावे आणि मृत्युपत्रात सारखे करावे : मुलीला आज दिलेली रक्कम तिच्या वाट्यातली आगाऊ रक्कम समजावी असे तारखेसह लिहून ठेवावे, आणि दोघांनाही ते आत्ताच सांगावे. मुलाला पैशांची गरज नसली तरी त्याला न सांगता दिलेले नंतर कळले, तर त्याला रकमेपेक्षा लपवण्याचे दुःख होईल.

नातवंडांसाठी माझी एक सूचना आहे, पटली तर पाहा. चारपैकी एक प्रवास, सर्वांत सोपा, तिन्ही नातवंडांना घेऊन करा, आणि आईवडिलांना सोबत घेऊ नका. मूल आठ-दहा वर्षांचे झाले की त्याला प्रवास आठवतो, आणि चौदा-पंधरापर्यंत आजीआजोबांबरोबर यायला ते तयारही असते. आते-मामे भावंडे वर्षातून एकदा भेटत असतील तर आठ दिवस एका खोलीत राहून त्यांचे जे नाते जुळेल, ते त्यांना तुमच्या पश्चात एकमेकांच्या उपयोगी पडेल. अल्पवयीन मुलांना त्यांच्या आईवडिलांशिवाय परदेशी नेताना पालकांचे लेखी संमतिपत्र अनेक ठिकाणी मागतात, ते आधीच करून घ्या.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात, पण तो टाळू नये. तुम्ही दोघे एकाच विमानात बसणार आहात, म्हणून त्याआधी दोघांचीही स्वतंत्र मृत्युपत्रे व्हायला हवीत आणि दोघेही एकाच वेळी गेलो तर काय, हे त्यांत असायला हवे. वारसाचे कायदे देशागणिक फार वेगळे आहेत. फ्रान्समध्ये आईवडिलांना सगळी मालमत्ता इच्छेप्रमाणे देता येत नाही : एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, इतर अनेक देशांत असे बंधन नाही. म्हणून मसुदा तुमच्या ठिकाणच्या वकिलाकडूनच करून घ्या. बँकेत, विम्यात आणि गुंतवणुकींत कित्येक वर्षांपूर्वी कोणाची नावे लावली होती ती काढून मृत्युपत्राशी जुळवून पाहा, कारण काही ठिकाणी तेच नाव अंतिम ठरते, काही ठिकाणी ठरत नाही, आणि दोन्हींत विसंगती असली की भावंडांत वाद होतो. आपण बोलू शकत नसू तेव्हा उपचारांचा आणि पैशांचा निर्णय कोणी घ्यायचा, हेही तुमच्या कायद्यात बसेल त्या रीतीने लिहून ठेवा.

हे सगळे झाले की मुलाशी बोला, आणि आरक्षण त्यानंतर करा. त्याची परवानगी मागायची नाही. त्याला चित्र दाखवायचे आहे. तो येईल त्या दिवशी माहितीपत्रके टेबलावरच राहू द्या, शेजारी तो कागद ठेवा ज्यावर शुश्रूषेची रक्कम, प्रवासाची रक्कम, मुलीला द्यायची रक्कम आणि उरलेले, असे चार आकडे आहेत, आणि त्याच्या चौपटीचे गणित त्याच्याच हातून पुन्हा करवून घ्या. त्याला सांगा, ‘तुझे बोलणे आम्ही ऐकले, म्हणूनच हा हिशेब केला.’ कदाचित त्याच्या मनात पैशांपेक्षा वेगळीच भीती असेल : परक्या देशात वडिलांना काही झाले तर काय करायचे, ही भीती मुलांना नीट बोलून दाखवता येत नाही आणि ती व्याजाच्या दराच्या आडून बाहेर येते. त्याला विचारून पाहा.

त्या भीतीचे उत्तरही तुमच्याजवळ तयार असू द्या. पहिला हप्ता भराल त्याच दिवशी प्रवास विमा घ्या, कारण आजारपणामुळे प्रवास रद्द झाल्यास मिळणारे संरक्षण विमा घेतल्यापासूनच लागू होते, निघण्याच्या दिवसापासून नाही. यजमानांचा रक्तदाब, साखर, पूर्वीची शस्त्रक्रिया, जे काही असेल ते अर्जात एकूण एक लिहा. आधीचा आजार लपवला म्हणून दावे नाकारले जातात. रुग्णाला मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात आहे का, आणि सत्तरीनंतर रक्कम किंवा दिवस कमी केले आहेत का, हे नियमांच्या बारीक अक्षरांत शोधून वाचा. आणि विम्याचा क्रमांक, मदतीचा दूरध्वनी आणि रोजच्या मुक्कामाचे पत्ते असलेली प्रत मुलाकडे आणि मुलीकडे, दोघांकडेही देऊन मग निघा.